साळवेबाईंचं नाक

लोअर परळच्या ज्युनिअर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी प्रिन्सिपॉलनी माझं स्वागत केलं, क्लार्कने चार ठिकाणी सह्या घेतल्या आणि साळवेबाईंनी माझी परीक्षा घेतली. पहिल्या दोघांचं आज मला काही आठवत नाही.

प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर, बंद गिरणीच्या भिंतीकडे तोंड करून. दारात एक ठेंगणी बाई उभी होती. कडक इस्त्रीची सुती साडी, वर गुडघ्यापर्यंतचा पांढरा अ‍ॅप्रन, केस तेल लावून चापून बसवलेले. मी सवयीने म्हणाले, "मावशी, लॅब उघडी आहे ना?"

"मावशी घरी. इथं बाई," त्या म्हणाल्या. "साळवेबाई, प्रयोगशाळा सहाय्यक. तुम्ही सामंत मॅडम ना? अ‍ॅसिडला घाबरता का?"

आता याला काय उत्तर द्यायचं? खरं सांगायचं तर मी सगळ्यालाच घाबरते. गिरगावात आमच्या घरी कुकरची शिट्टी व्हायची चिन्हं दिसली की मी ओट्यापासून दोन पावलं मागे सरते, असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असते. पण एम.एस्सी. झालेल्या बाईने हे पहिल्याच दिवशी कसं कबूल करायचं? मी म्हटलं, "थोडीफार."

"थोडीफार नको. चांगलं घाबरा. मग आपलं जमेल."

आणि जमलं. माझ्याआधी जे सर होते ते अजिबात घाबरत नसत, म्हणून त्यांच्याशी बाईंचं कधी पटलं नाही. मुलांवर छाप पाडायला त्यांनी सोडियमचा सुपारीएवढा तुकडा बेसिनमध्ये टाकला होता. बेसिनला पडलेली चीर बाई प्रत्येक नव्या बॅचला दाखवायच्या. "सरांची आठवण," एवढंच म्हणायच्या.

त्यांची प्रयोगशाळेतली वागणूक म्हणजे भीतीचं वेळापत्रक होतं. सकाळी कुलूप काढलं की दार सताड उघडून त्या बाहेरच थांबायच्या, शंभर आकडे मोजायच्या आणि मगच आत पाऊल टाकायच्या. अ‍ॅसिडच्या बाटल्या कधीही खांद्याच्या वरच्या फळीवर नाहीत. बाटली उचलताना एक हात मानेला, एक हात बुडाशी, तान्हं मूल धरावं तशी. एखादा मुलगा परीक्षानळी थेट नाकाशी नेताना दिसला की त्यांचा आवाज चढायचा. "अरे ए! वास घ्यायचा नाही, वास बोलवायचा!" मग त्या नळी लांब धरून दुसऱ्या हाताने हवा हलकेच स्वतःकडे आणून दाखवायच्या. "येऊ दे त्याला. थोडाच येऊ दे. ओळख पटली की बस."

त्यांचं नाक आमच्या कॉलेजात प्रसिद्ध होतं. बारावीच्या प्रॅक्टिकलला मुलांना एक क्षार देतात आणि त्यातले दोन्ही आयन ओळखायला सांगतात, प्लसवाला आणि मायनसवाला. त्याला मुलं सॉल्ट म्हणतात आणि त्या नावानेच त्यांना घाम फुटतो. बाई नुसत्या टेबलांमधून फिरत जायच्या आणि कुणाच्या नळीत सल्फाइड आहे, कुणाकडे अमोनियम, कुणी अ‍ॅसिटेट तापवतंय, हे त्यांना पाठमोऱ्या असूनही कळायचं. मुलं गयावया करायची, "बाई, सॉल्ट कुठलंय सांगा ना, प्लीज." बाई म्हणायच्या, "मी सांगितलं तर तुला भीती कशी वाटणार? आणि भीती नाही वाटली तर तू नीट बघणार कसा?"

शिकवणं हे त्यांचं काम नव्हतं, पण शिकवायच्या माझ्यापेक्षा बरं. आयनिक बंध मी फळ्यावर तीनदा काढला तरी मागच्या बाकावरचा एक मुलगा विचारत होता, "मॅडम, पण मग सोडियमची जोडी कुठल्या क्लोरिनशी?" दुपारी प्रॅक्टिकलला बाईंनी त्याच्या तळहातावर खडेमिठाचा एक खडा ठेवला.

"सोडियम बाहेरचा एक इलेक्ट्रॉन टाकतो. क्लोरिन तो उचलतो. एक गेला म्हणून हा प्लस, एक आला म्हणून तो मायनस. आता ओढ लागली. पण मिठात नवरा-बायको नसतात, बाळा. एका सोडियमच्या भोवती सहा क्लोरिन, एका क्लोरिनच्या भोवती सहा सोडियम. कोण कुणाचा ते सांगता येत नाही. सगळ्यांनी सगळ्यांना धरलेलं असतं, म्हणून खडा."

"म्हणजे आमच्या बीडीडीसारखं," मुलगा म्हणाला. तो वरळीच्या बीडीडी चाळीतला होता. बाईही तिथल्याच.

"पेपरात चाळ लिहू नकोस. एक मार्क जाईल."

त्याने लिहिलंच. मी अर्धा मार्क दिला.

मग करोना आला, कॉलेज बंद पडलं, उघडलं, पुन्हा बंद पडलं. दुसऱ्या लाटेत बाई पंधरा दिवस आजारी होत्या. परत आल्या तेव्हा बारीक झाल्या होत्या, बाकी सगळं तसंच. फक्त एक नवी गोष्ट आली. अ‍ॅप्रनच्या खिशाला त्या सेफ्टी पिनने पांढऱ्या कागदाची बोटभर पट्टी अडकवू लागल्या. दर तासाला तिच्यावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब. मुलांना वाटलं, बाईंनी कुठला तरी अंगारा-बिंगारा सुरू केला. असं कुणी बोललं असतं तर बाईंनी त्याला उभा-आडवा धुतला असता, कारण त्यांच्या घरी या गोष्टींना थारा नव्हता.

मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लेड अ‍ॅसिटेट आहे. सल्फाइडचा गॅस आला की काळी पडते. शिशाचा आयन आणि सल्फाइडचा आयन एकदा भेटले की पाण्याच्या बापाला सुटत नाहीत."

"पण सडक्या अंड्यांचा वास तर मलासुद्धा कळतो, बाई."

"वय झालं. दोन साक्षीदार बरे."

दुसरंही एक दिसायला लागलं. अ‍ॅसिडच्या बाटलीचं बूच काढल्यावर त्या आता काचेची कांडी अमोनियात बुडवून बाटलीच्या तोंडाशी धरायच्या. पांढरा धूर उठला की मान डोलवायच्या आणि लेबल लावायच्या. मुलांना तो धूर फार आवडायचा. बाई सांगायच्या, "अमोनियाने अ‍ॅसिडकडून एक प्रोटॉन घेतला. दोघं आयन झाले, हवेतच चिकटले. हा धूर नाही, क्षार आहे. तुमच्या डोळ्यांसमोर जन्मलेला." मला वाटलं, ऑनलाइन शिकवून कंटाळलेल्या मुलांसाठी बाई हौसेने करतायत. मी किती मठ्ठ आहे, ते पुढे लक्षात आलं.

एके दिवशी दुपारी आम्ही दोघी लॅबशेजारच्या छोट्या खोलीत डबे खायला बसलो होतो. बाईंनी आमटीचं झाकण काढलं आणि मला टेबलाच्या पलीकडून आंबूस भपकारा आला. दिवस उन्हाळ्याचे. बाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, खाल्ला. दुसरा खाल्ला. माझं तोंड वाकडं झालं असणार. बाईंचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आमटीकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "आंबलीय का?"

मी मान हलवली.

त्यांनी डबा बंद केला, उठून दार लोटून घेतलं. "दुसऱ्या लाटेत गेलं ते आलंच नाही," त्या म्हणाल्या. "चव थोडी कळते. खारट, तिखट, अमोनियाची चरचर. वास शून्य. केईएमला नाही, लांब ठाण्याला जाऊन दाखवलं, इथं कुणी ओळखीचं भेटेल म्हणून."

"बाई, पण इथं..."

"मला ठाऊक आहे इथं काय आहे. तीस वर्षं मी ठेवलंय इथलं सगळं." त्यांनी दार लागलंय ना ते पुन्हा बघितलं. "मॅडम, ऑफिसला कळलं तर मला खाली आवक-जावकला बसवतील. बसेन. पण माझ्या जागी इथं कोण येईल? तो घाबरणारा असेल का? माझी निवृत्ती जवळ आली आहे. तेवढं सांभाळून नेते. नाकाचं काम मी डोळ्यांवर घेतलंय."

मी कुणाला न सांगायचं कबूल केलं. सांगायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. रसायनं सांभाळणाऱ्या माणसाला वास येत नाही, हे लपवणं म्हणजे दीडशे मुलांच्या जिवाशी खेळ. पण बाईंसारखं लक्ष ठेवणारं दुसरं कुणी नव्हतं, हेही तितकंच खरं. त्या दिवसापासून मला नीट झोप लागेना. सकाळी बाई दारात उभ्या राहून शंभर मोजायच्या तेव्हा मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहायची. त्या समोर बघत विचारायच्या, "काय म्हणतंय?" मी हवा आत ओढायची आणि म्हणायची, "काही नाही." मग आम्ही आत जायचो. दोघींत मिळून एक नाक, आणि तेही माझं, म्हणजे बिनभरवशाचं.

असे दोन फेब्रुवारी सुखरूप गेले. फेब्रुवारीत बोर्डाची प्रॅक्टिकल असते. तिसऱ्या वर्षी बाहेरून परीक्षक आले ते एक वयस्कर सर होते, स्वभावाने चांगले, पण वेळेचे फार पक्के. बाईंचा निवृत्तीचा महिना दोन महिन्यांवर आला होता.

लॅबला लागून एक खोली आहे. तिथे किपचं यंत्र असतं, तीन काचेच्या फुग्यांचं. त्याची तोटी उघडली की सल्फाइडचा वायू मिळतो. त्याचा वास सडक्या अंड्यांसारखा आणि तो भयंकर विषारी. मुलं नळी घेऊन आत जातात, चार बुडबुडे सोडतात आणि बाहेर येतात. त्या खोलीतली हवा बाहेर फेकणारा पंखा आदल्याच आठवड्यात जळाला होता आणि दुरुस्तीवाला येतो-येतो म्हणत होता. बाईंनी खिडक्या उघडून ठेवल्या होत्या. पण गिरणीच्या बाजूने वारा इतका सुटला की बर्नरच्या ज्योती हलायला लागल्या. ज्योतीचा रंग पाहून मुलांना आयन ओळखायचा असतो. मुलं कुरकुरायला लागली. परीक्षक सर म्हणाले, "खिडक्या लावा बरं, मुलांचं नुकसान होतंय." बाई म्हणाल्या, "सर, नको." सर माझ्याकडे वळले. मी खिडक्या लावल्या.

कुणीतरी किपची तोटी अर्धवट उघडी ठेवली होती. थोड्याच वेळात अंड्यांचा वास दाटला. मुलं नाक दाबून हसायला लागली. प्रॅक्टिकलला हा वास नवा नाही, त्याशिवाय प्रॅक्टिकल झाल्यासारखं वाटतच नाही. पण काही वेळाने वास ओसरला. सर म्हणालेही, "बघा, गेला."

बाईंनी आपल्या पट्टीकडे पाहिलं. ती काजळासारखी काळी झाली होती. त्यांनी ती काढली, खिशातल्या डबीतून नवी घेतली, ओली केली, धरली आणि ओठांतल्या ओठांत मोजायला लागल्या. मी समोर उभी होते. सहा म्हणेपर्यंत पट्टी काळी झाली.

"बाहेर!" बाई ओरडल्या. "सगळे बाहेर! आहे तसं टाका, बर्नर बंद करा, चला!"

मुलं जागच्या जागी उभी. परीक्षक सर उठले. "अहो बाई, बोर्डाची परीक्षा चालू आहे. वास तर कधीचा गेला. मॅडम, तुम्हाला येतोय वास?"

मी श्वास घेतला. खरंच काही येत नव्हतं. मी म्हणाले, "नाही."

आयुष्यात एवढं खरं आणि एवढं चुकीचं मी कधी बोलले नाही. हा वायू जास्त झाला की आधी नाकच मारून टाकतो, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. परीक्षेत विचारलं असतं तर बरोबर लिहिलं असतं. पण माझ्याच नाकाने मला "काही नाही" म्हटल्यावर मी त्यावर विश्वास ठेवला.

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सगळ्या वर्गासमोर, परीक्षकांसमोर म्हणाल्या, "त्यांना येत नाही कारण त्यांचं नाक आत्ता मेलं. मला येत नाही कारण माझं चार वर्षांपूर्वी गेलं. मला कसलाच वास येत नाही, सर. म्हणून मी कागद बघते. आणि कागद सहा आकड्यांत काळा झालाय."

तेवढ्यात गॅसच्या खोलीच्या दाराजवळची मुलगी स्टुलावरून सरकून खाली बसली, जणू तिला झोप आली होती. बाईंनी श्वास कोंडून तिच्या काखेत हात घातले आणि तिला फरफटत दाराबाहेर आणलं. मग मुलं पळाली. परीक्षक सर किपची तोटी बंद करायला आत निघाले, तर बाईंनी त्यांचा शर्ट मागून धरला. "आत कुणी जायचं नाही. मीही जाणार नाही. आत गेलेल्याला आणायला दुसरा जातो आणि दोघं राहतात." त्यांनी बाहेरच्या गॅलरीतून झाडूच्या दांड्याने एकेक काच फोडली. एकही काच सुटली नाही.

मुलगी वाचली. दोन दिवसांनी घरी गेली. परीक्षा दुसऱ्या कॉलेजात पुन्हा झाली.

चौकशीत बाईंचं कौतुक झालं आणि त्याच कागदावर पुढे लिहिलं गेलं की त्या शारीरिकदृष्ट्या या कामास योग्य नव्हत्या आणि ही बाब त्यांनी दडवली. मला बोलावलं तेव्हा बाई आतच बसल्या होत्या. समितीतल्या एकांनी मला विचारलं, "तुम्हाला कल्पना होती?" माझं तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "मॅडमना काही ठाऊक नव्हतं." मी गप्प बसले. नोकरी जाईल म्हणून किती घाबरले होते, ते अजून आठवलं की लाज वाटते. भीतीने माणूस सावध होतो असं बाई म्हणायच्या. माझी भीती मला नुसती वाचवत होती.

शेवटचे दोन महिने त्यांनी खाली आवक-जावकला काढले. प्रयोगशाळेत पुन्हा आल्या नाहीत.

त्यानंतर वर्षभराने मी त्यांना भेटले. चाळीच्या बदल्यात त्यांना नव्या टॉवरमध्ये घर मिळालं होतं, तेविसाव्या मजल्यावर. नवरा कधीच गेलेला, मुलगा नोकरीला नाशिकला. मी बेल वाजवली. बाईंनी दार उघडलं आणि "या" म्हणायच्या आधी म्हणाल्या, "काही बोलू नका. आधी आत येऊन श्वास घ्या."

मी श्वास घेतला. "काही नाही," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा उजळला. धावतच ओट्याशी गेल्या, गॅस पेटवला आणि पिठाचा डबा काढला. "तीन दिवस पेटवला नाही," त्या सांगू लागल्या. "गुरुवारी इंटरनेटवाला आला होता, त्याला दारात उभा करून कसला वास येतो का ते सहज विचारलं आणि आठ भाकऱ्या करून ठेवल्या. मुलाने इंडक्शन दिलाय, त्यावर भात होतो, चहा होतो. भाकरी फुगत नाही हो. त्याला जाळ लागतो."

"गॅस कळवणारं यंत्र मिळतं, बाई."

"आहे लावलेलं. पण त्याची परीक्षा कशी घेऊ? गॅस सोडून बघू? ज्याची परीक्षा घेतली नाही त्याच्या भरवशावर काडी ओढायची?" त्या भाकरी थापत होत्या, बोलत होत्या. "सल्फाइडला मी भीत नव्हते, मॅडम. तो आयन आहे, शिशाला बघितलं की धरतो, मला दिसतो. हा नळातला मिथेन कुणाला काही देत नाही, कुणाकडून घेत नाही. ह्याच्यासाठी माझ्याकडे कुठला कागद नाही. चाळीत बरं होतं. कुणाचं दूध करपलं तरी गॅलरीतून दहा जणी ओरडायच्या. मला वास येत नाही, हे तिथं कुणाला सांगावंही लागलं नाही. इथं मजल्यावर दारं लागलेली असतात. मी कुणाला सांगितलेलं नाही. एकट्या बाईने सांगू नये."

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. निघताना त्यांनी गॅस बंद केला, नॉब दोनदा दाबून पाहिला आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा श्वास घेतला, पुन्हा "काही नाही" म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

लिफ्ट खाली निघाली तेव्हा मी रुमाल काढून नाक शिंकरलं. परवापासून मला सर्दी होती. नाक पार चोंदलेलं. बाईंच्या घरात पाऊल टाकताना मला ते ठाऊक होतं, पण त्या इतक्या आशेने बघत होत्या की माझ्याने सांगवलं नाही. त्यांची भाकरी, तिचाही वास मला आला नव्हता. तळमजल्यावर दार उघडलं. मी बाहेर न पडता तेविसाचं बटण दाबलं.

"बाई, मला सर्दी आहे," दारातच मी सांगितलं. "मला काही कळत नव्हतं. दोन्ही वेळा."

मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.  त्यांनी आत जाऊन मुख्य कॉक बंद केला, खिडक्या उघडल्या, पदर सारखा केला आणि चपला न घालता बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "तुम्ही जा. तुम्हाला उशीर होईल."

मी लिफ्टशी उभी होते. बाई समोरच्या दाराशी गेल्या. बेलपर्यंत हात नेला, खाली घेतला, पुन्हा नेला. आतून साखळी लावलेलंच दार बोटभर उघडलं. कानात हेडफोन घातलेला एक तरुण मुलगा फटीतून डोकावला.

"मी समोरची, साळवे," बाई म्हणाल्या. "मला वास येत नाही. जरा माझ्या घरात येऊन सांगशील का, गॅस सुटलाय का ते?"

"काय?" तो म्हणाला.

बाईंनी तेच पुन्हा, जरा मोठ्याने सांगितलं.